माझ्या विहिरीत दादाचं पाणी

संत्र्याच्या झाडांना तोंड असतं, तर त्यांनी माझ्या थोरल्या भावाला शिव्याच घातल्या असत्या. मी घालतो, पण मनातल्या मनात.

आमच्या बाबांचा नियम होता. नाला वाहतो तोवर नाल्याचं पाणी ओलिताला घ्यायचं, विहिरीला हात लावायचा नाही. पावसाळा सरला की आम्ही दोघं भाऊ नाल्यात मातीची पोती रचायचो. पाणी अडायचं, जमिनीत मुरायचं आणि विहीर भरायची. ती उन्हाळ्यासाठी. बाबा गेले, वाटणी झाली. विहिरीचा बगीचा माझ्याकडे आला, धुऱ्यापलीकडचं, म्हणजे शेताच्या हद्दीपलीकडचं वावर दादाकडे.

दादाने माझ्या विहिरीजवळच बोअर मारली. शेततळं खोदून त्यात प्लॅस्टिक अंथरलं. मला वाटलं, नाल्याचं पाणी साठवेल. कसलं काय! दिवाळीला नाला दुथडी भरून वाहत होता, आणि हा पठ्ठ्या त्याच्याच काठावर बोअरने तळं भरत होता.

"दादा, नाल्यातलं घे ना. बोअर काहून चालवून राहिला?"

"नाल्याचं गढूळ असते गा. ठिबकच्या नळ्या चोंदतात."

"मंग माझी विहीर?"

"बाबाच्या वेळची विहीर हाये ते. ते काय आटते?"

पोती रचायलाही तो आला नाही. माझ्या एकट्याने बांध पुरा झाला नाही, नाला डोळ्यांदेखत वाहून गेला. आणि जमिनीतलं पाणी या माणसाने वर काढून पापडासारखं उन्हात वाळत घातलं!

एप्रिलमध्ये विहिरीने तळ दाखवला. झाडांची पानं वळली, सुपारीएवढी फळं गळू लागली. बाबांच्या हातची झाडं ती. बायको गळलेली फळं टोपल्यात भरायची आणि माझ्यासमोर आणून ठेवायची. ते जास्त लागायचं.

शेवटी गेलो दादाकडे. भांडायलाच गेलो होतो, पण तोंडातून निघालं, "दादा, थोडं पाणी दे."

त्याने लगेच तळ्याला पाइप जोडला आणि दुसरं टोक माझ्या विहिरीत सोडलं. धुऱ्यावर चार लोक जमले. "भाऊ असावा तं असा," एक जण म्हणाला. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "घाबरतं काहून बे? मी आहो ना!"

माझ्या विहिरीचंच पाणी माझ्या विहिरीत पडत होतं, आणि मी त्याच्यापुढे हात जोडून उभा होतो. अस्सा जळलो आतून! पण झाडं तहानलेली होती.

अर्धा बगीचा वाचला. यंदाही नाला भरून वाहतोय आणि दादाची मोटर दिवसभर चालू आहे. काल चहा देताना बायको म्हणाली, "दादाले सांगा ना, मोटर बंद करा म्हणून."

"आता कोणत्या तोंडानं सांगू वं?"