नातीच्या चेहऱ्याला उष्टी हळद लावू का नको?

मंडळी, तुम्ही नातीच्या पुटकुळ्यांची चौकशी केली होती. उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. लग्नघर आहे, आणि आज जे झालं त्यानं डोकं पार शिणलंय.

पूजाच्या चेहऱ्यावर कॉलेजपासून पुटकुळ्या. लिंबू झालं, टूथपेस्ट झाली, कुणीतरी सांगितलेली मेडिकलमधली ट्यूब झाली. त्या ट्यूबनं तर जास्तच भडकल्या. शेवटी नगरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांच्या मलमानं कित्येक महिन्यांनी आता कुठं चेहरा निवळलाय. चेहऱ्याला तेल लावायचं नाही, काही चोळायचं नाही, असं त्यांनी बजावलंय.

आज सकाळी भावकीतल्या बायका हळद दळायला आल्या. पूजा म्हणाली, "माझ्या तोंडाला नका लावू."

तिची आत्या म्हणाली, "अगं, बिनहळदीची नवरी आसती व्हय? हळदीनं तर पुटकुळ्या जात्यात. त्या डाक्टरनीला काय कळतंय?" सगळ्या हसल्या.

पूजा माझ्याजवळ आली. "आबा, लग्नात चेहरा नीट दिसावा म्हणून औषध घेतलं. आता लग्नासाठीच बिघडवायचा का? तुमी सांगा ना त्यांना."

"बघतो," म्हणालो आणि तुम्हाला लिहायला बसलो. परवा नवऱ्याकडची उष्टी हळद येणार, तेलात कालवलेली. नाही लावली तर व्याही काय म्हणतील? लावली तर पोरीच्या चेहऱ्याचं काय?

तुमच्यापैकी कुणाच्या घरी नुसती हातापायाला हळद लावून लग्न लागलंय का? व्याह्यांना कोणत्या शब्दांत सांगितलं? परवाच्या आत कळवा. पोर माझ्याकडंच बघतीय.