भागाबाईचा ब्लॉक

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या कोऱ्या फरशीवर बादलीभर पाणी ओतणं.

सातपूरला आमच्या कारखान्यातल्या माणसांनी सोसायटी करून बिल्डिंग बांधायला काढली होती. तिच्यात आमचा एक ब्लॉक. दोन खोल्या, मोरी, आणि पाय पसरले तर गुडघे आत राहतील एवढी गॅलरी. रविवारचा दिवस होता. बाकीच्यांच्या बायका भिंतींचे रंग बघत होत्या, पंखा कुठं लावायचा ते ठरवत होत्या. आमच्या बाईनं खालच्या हौदातून बादली भरली, तीन जिने चढून आली आणि कोणाला न विचारता स्वयंपाकघरात उपडी केली. मग कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. पाणी चार बोटं मोरीकडं गेलं, थांबलं, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि वळून सरळ दाराकडं निघालं.

"ओ सुपरवायझर!" ती ओरडली. "इकडं या. तुमचं पाणी सासरी नांदत नाय, माहेरी पळतंय."

सुपरवायझर इस्त्रीच्या पँटमधला तरुण माणूस. म्हणाला, "मावशी, लेव्हल बघून फरशी बसवलीय."

"तुमची लेव्हल येणार का हितं भांडी घासायला? पाण्याला वशिला लागत नाय, दादा. उतार असंल तिकडंच जातं. फरशी उचला."

मी गॅलरीत उभा राहून, ही बाई आपल्या ओळखीची नाही असं तोंड करून बाहेर बघत होतो. तिनं तेही बघितलं. "आणि हे आमचे मालक," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वीस वर्षं लेथवर लोखंड कातलं, पर जिभेला काय धार आली नाय."

फरशी उचलली. नव्यानं बसवली. ती बघायला मात्र भागाबाई नव्हती. बुधवारी सकाळी मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडूला पाणी भरता भरता ती बांधावर बसली, ती बसलीच. मी लांबून हाक मारली, "ऊठ की, पाणी दुसऱ्याच्या वावरात चाललं!" तिनं उलट उत्तर दिलं नाही. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि उलट उत्तर आलं नाही. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मी आणखी दोन शिव्या हासडल्या, मग जवळ गेलो.

मी चौथी शिकलेला माणूस. मेलेल्या बायकोवर लोक लिहितात तसं मला लिहिता येणार नाही. त्यांच्या लिहिण्यात बायको म्हणजे गरीब गाय असते, समई असते, तुळस असते. आमची यातली काही नव्हती. बुटकी, रुंद, काळी. अंगाला निशिगंधाचा वास आणि तोंडाला ठेच्याचा. झेंडूची भरलेली गोणी एकटी डोक्यावर घ्यायची आणि बाजारात उतरवायला हात लावला तर म्हणायची, "चढवायला कुठं गेलता?"

फुलबाजारात तिच्या पाटीपुढं शहाणी गिऱ्हाइकं जपून उभी राहायची. एकदा एका धोतर-टोपीवाल्या बाबानं शेवंतीचं फूल उचललं, नाकाला लावलं, लांब वास घेतला आणि म्हणाला, "नको, ताजं नाही." फूल परत पाटीत टाकलं. भागा म्हणाली, "बाबा, वास घेतल्यालं फूल देवाला चालत नाय. आता ते तुम्हालाच वाहावं लागंल." आणि खरोखर उठून त्याच्या टोपीवर फूल ठेवलं, वर हात जोडले. सगळा बाजार हसला. बाबानं मुकाट्यानं पावशेर शेवंती घेतली. मला ही गोष्ट तिनं सांगितली नाही. शेजारच्या पाटीवालीनं सांगितली. भागाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

आम्हाला मूल झालं नाही. ते आमचं दुःख होतं, पण घरात त्याचा उल्लेख आम्ही सोडून बाकी सगळे करायचे. मखमलाबादला धाकटा भाऊ रामदास, त्याची बायको शकुंतला आणि आम्ही, अशी एक चूल होती. शकुंतला गोड बोलणारी बाई. असा गोडवा की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. "माझ्या सुनीललाच तुमचा समजा, ताई," असं ती भागाला म्हणायची. भागा म्हणायची, "समजते की. मग त्याचं दुखलं-खुपलं तू बघ, समजायचं काम मी करते."

ब्लॉकचा नाद तिचाच. मी म्हणत होतो, मळा आहे, घर आहे, कशाला तिसऱ्या मजल्यावर टांगून घ्यायचं? तर म्हणाली, "तीस वर्षं दुसरीच्या डब्यातलं मीठ विचारून घेतलं. मरायच्या आधी एक डबा माझ्या हातानं उघडायचाय." निम्मे पैसे तिच्या झेंडूचे होते, म्हणून मला बोलायला जागा नव्हती. पैसे माझे असते तरीही नव्हती म्हणा. आणि तिनं एक बजावून ठेवलं होतं. आमच्याकडं नव्या घराच्या पूजेला जी जोडी पाटावर बसते, तिचं ते घर असं धरतात. भागा म्हणायची, "पाटावर मी बसणार. शकी बसली ना, तर मी पूजेतनं उठून नारळ फोडीन, आणि कुठं फोडीन ते विचारू नका."

ती गेल्यावर वर्ष होईपर्यंत पूजा करायची नाही असं सगळ्यांनी ठरवलं. ब्लॉकला कुलूप. वर्षभर मी भावाकडं जेवलो. ताटात कमी काही नसायचं. भाकरीबरोबर शकुंतला एकच वाक्य रोज वाढायची: "भाऊजी, बंद जागेला वाळवी लागती हो." सुनीलला सातपूरला एका वर्कशॉपात काम लागलं होतं, त्याचं लग्न ठरत होतं. पोरगा वाईट नव्हता. त्याची चूक एवढीच की तो त्यांच्या पोटी आला.

वर्ष सरलं तसं रामदास म्हणाला, "दादा, पूजेला आम्ही जोडीनं बसतो. तुझं एकट्याचं कसं व्हायचं? आणि मग सुनील राहील तिथं. तू हितंच रहा. या वयात स्टो पेटवत बसतो का?"

शहाणा माणूस हो म्हणाला असता. मला स्टो पेटवता येत नव्हता हे खरं होतं. पण हो म्हणायला तोंड उघडलं की बांधावर बसलेली बाई दिसायची. मी गुरुजींना जाऊन विचारलं. म्हातारे गुरुजी म्हणाले, "त्यात काय अवघड आहे? कमरेला सुपारी लावायची. पत्नीच्या जागी सुपारी चालते."

मी म्हणालो, "गुरुजी, सुपारी बोलत नाही. माझं लक्ष कसं लागायचं?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी भागाकडून बरीच वर्षं फुलं घेतलेली होती.

पूजेच्या दिवशी पाटावर मी एकटा. नवं धोतर, डाव्या बाजूला कमरेला भागाबाईच्या जागची सुपारी. जी बाई गोणी घेऊन चालली की रस्ता सोडावा लागायचा, ती आता बोटाच्या पेराएवढी झाली होती आणि मी नेईन तिकडं येत होती. मनात म्हटलं, हे जिवंतपणी जमलं असतं तर! उजव्या बाजूला माझी पानाची चंची, तिच्यात अडकित्ता. चंचीशिवाय मी लग्नातही उभा राहिलो नव्हतो.

शकुंतला मागं बसून बायकांना सांगत होती, "सुपारीनं कुठं घर भरतं का? आम्ही म्हटलं होतं बसतो."

होम लांबला. धूर डोळ्यात. सकाळपासून पोटात अन्न नाही. गुरुजी मंत्र थांबवून तुपाची वाटी शोधायला लागले, तेवढा वेळ मी रिकामा. रिकामा झालो की माझा हात कमरेला जातो, ही चाळीस वर्षांची सवय. गेला. पण डावा गेला. सुपारी हाताला लागली, उजव्या हातानं अडकित्ता काढला, कट्. अर्धी तोंडात टाकली, बाकीची कातरून तीही टाकली. चावताना वाटलं, जरा कडक आहे.

गुरुजी वाटी घेऊन वळले आणि माझ्या हलत्या तोंडाकडं बघत राहिले. "अहो... काय खाताय?"

मी कमरेला हात लावला. उजवीकडं चंची. डावीकडं काही नाही.

"अगं बाई!" शकुंतला किंचाळली. "भाऊजींनी ताई खाल्ल्या!"

मग कारखान्यातला कोणीतरी फिस्सकन हसला आणि सगळ्यांनाच हसू आवरेना. मलाही हसू आलं, आणि हसता हसता असं काही झालं की मी उपरणं डोळ्याला लावलं. धुरानं, असं नंतर विचारणाऱ्याला सांगितलं. तीस वर्षं तिनं माझं डोकं खाल्लं होतं. फेड झाली.

शकुंतला पुढं सरकली. "अपशकुन झाला! गुरुजी, आता थांबवा. आम्ही दोघं बसतो, पहिल्यापासून करा." रामदास तर टोपी सारखी करून उठलाच होता.

गुरुजी म्हणाले, "एवढं काही नाही. दुसरी सुपारी लावू."

"दुसरी नको," मी म्हणालो. पाटावरून हललो नाही. "आहे ती पोटात आहे. चालू द्या."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, तुपाची वाटी खाली ठेवली. "पोटात तर पोटात," म्हणाले, आणि मंत्र पुढं सुरू केला. शास्त्रात हे बसतं की नाही मला ठाऊक नाही. गुरुजींना विचारायचं धाडस झालं नाही, न जाणो नाही म्हणाले असते.

जेवणं झाली. शकुंतला काही बोलली नाही याचीच मला भीती वाटत होती. निघताना ती आतल्या खोलीत गेली. बघतो तर कोपऱ्यात सुनीलची पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात त्याचं नाव, कुलूप घातलेलं. सकाळी पूजेच्या सामानाबरोबर टेम्पोत घालून आणली होती.

"राहू द्या हो भाऊजी," ती म्हणाली. "ट्रंक काय खायला मागती का? उद्या-परवा सुनील येईल झोपायला. तुम्हालाही सोबत. आणि हे आजचं असं विपरीत झालंय, तर सुनीलचं लग्न झालं की ती दोघं बसतील, परत पूजा करू. कशी?"

सगळे तीन जिने उतरून गेले. चपलांचा आवाज संपला आणि मला कळलं की या घरात आता काही आवाज व्हायचा असेल तर तो मलाच करावा लागणार. मी बादली सरकवली. मग परत होती तिथं ठेवली. उरलेली पुरणपोळी गॅलरीत बसून खाल्ली, गुडघे आत. समोरच्या ब्लॉकांच्या खिडक्यांत बायका नवऱ्यांवर ओरडत होत्या आणि ते येडे ऐकून घेत नव्हते. मला तर वाटलं, एकाला हाक मारून सांगावं, ऐक बाबा. पण ओळख नव्हती.

आत येऊन आडवा झालो. डोळ्यापुढं ती ट्रंक. सुनील, सुनीलची ट्रंक, मग सुनीलची बायको, मग तिचा मिठाचा डबा. आणि मी परत मखमलाबादला, रोज संध्याकाळी गोड बोलणं जेवायला. यात कोणी माझं वाईट करत नव्हतं. नुसती जागा घेत होतं. भागा असती तर तिनं काय केलं असतं हा विचार मी केला नाही. तिनं ट्रंक दारात शिरूच दिली नसती, तेव्हा त्याचा मला उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. चूळ भरली. ट्रंक खांद्यावर घेतली. पोरानं आत काय लोखंड भरलं होतं देव जाणे. दर मजल्यावर टेकत खाली आलो. एक शेजारी दूध घेऊन वर येत होता. म्हणाला, "काय बाबा, काल आले आणि आज चालले?"

"मी नाही," म्हटलं. "ही चालली."

दोन बस बदलून मखमलाबादला गेलो. शकुंतला अंगणात सडा टाकत होती. ट्रंक तिच्यापुढं ओल्या शेणावर टेकवली तशी ती दोन पावलं मागं सरली.

"हे काय, भाऊजी? परत का आणली?"

"जागा नाही."

"दोन खोल्यात जागा नाय?" तिचा गोडवा पहिल्यांदाच उतरला. "कोण राहतंय तिथं एवढं?"

रामदास टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला होता. सुनीलही दारात आला. तिघंही माझ्याकडं बघत होते, आणि बोलायचं मलाच होतं.

"मी राहतो," म्हणालो.

"एकटे?"

"एकटा."

रामदासनं ट्रंकेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "दादा, बस तरी. चहा घे. भाकरी खाऊन जा."

माझी दुसरी पाळी होती. मी नको म्हणालो आणि बस धरायला निघालो. कारखान्यात जायच्या आधी घरी जाऊन भाकरी थापायची होती, आणि मला ती येत नव्हती.