बाईंचे चार टाके

प्रयोगशाळेत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. त्या टाकेवाल्या बाई. मायक्रोस्कोपखाली नखाएवढ्या चकतीवर केसाहून बारीक चार तारा एकेका टाक्याने जोडायच्या, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. त्या जोडणी करत असल्या की आजूबाजूला शिंकायचीही कुणाची छाती होत नसे.

चकतीत एक पातळ थर असतो. इलेक्ट्रॉन त्यातच हिंडतात. वरखाली जायची सोय नाही. थरात खाचखळगे पुष्कळ. पुस्तक म्हणतं, गारठा वाढवत नेला की इलेक्ट्रॉन त्या खळग्यांत अडकतात आणि विजेला होणारा रोध वाढत जातो. त्या सकाळी मात्र चकती गार होत गेली तसा रोध उतरत गेला.

प्रयोग चालवणाऱ्या सरांनी आलेख पाहिला आणि वहीत लिहून टाकलं: जोडणी कच्ची, चकती बाद.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, माझा टाका आजवर सुटलेला नाही."

"मनाला लावून घेऊ नका हो. एवढ्या थंडीत सुटतो एखादा."

"मग तारांच्या दोन जोड्यांची अदलाबदल करा. प्रवाहाच्या जोडीवर व्होल्टेज मोजा आणि व्होल्टेजच्या जोडीतून प्रवाह सोडा. टाका कच्चा असेल तर रोधाचा आकडा बदलेल. बदलला, तर उद्यापासून मी मायक्रोस्कोपला हात लावणार नाही."

सरांना नाही म्हणता येईना. अदलाबदल झाली. पहिला आकडा आला, सकाळचाच. आणखी गार केलं. त्या गारठ्यालाही सकाळी आला होता तोच आकडा, आणि रोध आपला उतरतोच आहे. बाईंचा डबा तसाच राहिला. दहाव्या आकड्याला त्यांनी चक्क टाळी वाजवली. इतका आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

सर डोकं खाजवत बसले. "पुस्तकातला हिशोब प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा धरून केलाय. इथे ते एकमेकांना रेटताहेत. काही जण खळगे बुजवत असतील, बाकीचे वरून जात असतील. कदाचित."

"आम्ही सात भावंडं, सर. ढकलाढकलीत एकही घरात अडकून राहिलं नाही."

सर खो खो हसले, वहीतली सकाळची ओळ खोडली आणि पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची बाईंकडे वळवली. "मग तुम्हीच सांगा बाई, चूक कुठे शोधायची?"

"टाक्यांत नाही," बाई डबा उघडत म्हणाल्या. "आता पुस्तकात शोधा."