टोपीची जागा

उत्सुमी कायो माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली, तेव्हा चाळिशीला टेकली होती. जपानमधल्या कारिया शहरातल्या, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत ती तपासनीस होती. गाडीतले ब्रेक, इंजिन, दिवे दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. हे बोलणं-ऐकणं जी चिप करते, ती कायो चाचणीच्या बोर्डावर बसवून पारखायची. नापास चिप लाल पेटीत जाई, आणि लाल पेटीतून काही परत येत नसे.

त्या वर्षअखेरीस तिने ताबुची नावाच्या वयस्कर गृहस्थांच्या छोट्या कारखान्याची चिप नापास केली. तापवल्यावर व्होल्टेज कमी भरत होता. ही चिप गेली की त्यांचा कारखानाही जाणार, हे तिलाही माहीत होतं. तरी तिने अहवालावर शिक्का मारला.

सुट्टी लागली. नववर्षासाठी कायोने काळे सोयाबीन शिजवून बरणी निवत ठेवली होती. मी जाता जाता झाकण लावलं.

"काकू, वाफ कोंडेल ना! मुद्दाम उघडी ठेवली होती."

"बरणी उघडी आणि झाकण बाजूला लोळतंय. माझ्या हाताला राहवतंय होय!"

कायो हसली नाही. हातातला डाव तसाच राहिला.

"वर्षअखेरच्या सफाईत मीही हेच केलं," ती म्हणाली. "बोर्डाच्या ट्रेमध्ये इवलीशी काळी टोपी पडली होती. बोर्डावर तिच्या मापाच्या दोन पिना रिकाम्या दिसल्या. हरवू नये म्हणून बसवून टाकली."

"मग बरंच केलंस की."

"कसलं बरं! टोपी बसली की बोर्डावरचा रोधक, म्हणजे रेझिस्टर, वायरींना जोडला जातो. वायरींच्या दोन टोकांना दोन रोधक आधीच होते, तेवढेच लागतात. त्यांत हा तिसरा. चिपवर जादा ओझं टाकलं मी, आणि तिलाच दुबळी ठरवलं."

तिने तिथूनच साहेबांना, नुकिनांना, फोन लावला. त्यांचा आवाज मला ओट्यापाशी ऐकू येत होता.

"उत्सुमी, सुट्टी आहे. शिक्का तुझाही आहे, माझाही आहे. वर्षअखेरच्या शेवया खा आणि झोप."

"कामाच्या पहिल्या सकाळी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून फोन केला."

"'माझी तपासणी चुकत नाही' म्हणून इतकी वर्षं मिरवलीस ना?"

"म्हणून तर कुणी पुन्हा तपासलं नाही, नुकिना-सान."

मग नुकिना म्हणाले, "लाल पेटीची किल्ली माझ्याकडे आहे. लवकर ये."

सोयाबीन तिने चाखलेसुद्धा नाहीत.

पहिल्या सकाळी कंपनीतली रोजची कवायत संपल्यावर ती पुढे उभी राहिली आणि घडलं तसं सांगितलं. टोपी काढून त्याच चिपा पुन्हा तापवल्या. व्होल्टेज पुरेसा भरला. थोडक्यात, पण भरला.

ताबुचींना तिने स्वतःच कळवलं, माफी मागितली. ते रागावले नाहीत, आभारही मानले नाहीत. एवढंच विचारलं, "ती टोपी आता कुठे ठेवलीत?"

त्याच दुपारी कायोने ट्रेच्या कोपऱ्यात त्या टोपीसाठी तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी चौकट रंगवली.