पायाळू सुनेचा पाय

चुका लोकांच्या हातून होतात. माझी पायातून झाली. हसा, पण आधी सगळं ऐका.

तुम्हाला ठाऊकच आहे, आईच्या पोटातून जो पायांकडून बाहेर येतो तो पायाळू. त्याने पाठीत हलकेच तीन लाथा दिल्या की भरलेली उसण उतरते, हे आपल्याकडे लहान पोरगंही सांगेल. मी अंजनगावची, अकोल्याला दिलेली, आणि पायाळू. सासूबाईंनी मला पसंत केलं तेही त्यासाठीच. मुलगी पाहायला आल्या त्या कमर धरूनच. माझ्या आईने बोलता बोलता सांगितलं, पोरगी पायाळू आहे. मग त्यांनी माझं तोंड पाहिलंच नाही. पायच पाहिले.

लग्नानंतर रोज सकाळी सासूबाई ओसरीवर पालथ्या पडायच्या आणि मी त्यांच्या कमरेवर पाय द्यायची. सासूला राजरोस लाथ मारून वर आशीर्वाद घेणारी सून साऱ्या वऱ्हाडात मी एकटीच असेन.

पुढे विलायतेला आपल्या कापसाचं वेड लागलं. अकोल्याच्या रस्त्यांत गाड्या मावेनात. गाठी उचलून उचलून अर्ध्या गावाच्या कमरा धरल्या. मग काय, आमच्या ओसरीवर रांग. हमाल आले, गाडीवाले आले, अमरावतीचा एक दलाल तर बैलगाडीत आडवा होऊन आला. बाळंतीण आली, तिच्या कमरेवर पाय. तान्हं रडतंय, त्याच्या पोटाला अंगठा. सत्तरीचा म्हातारा आला, त्यालाही तोच पाय. लोक बरे व्हायचे. चार दिवस पडून राहिलं की उसण आपली आपणच उतरते, हे मला कोण सांगणार?

मी फुगले. सासूबाई मला विहिरीवर जाऊ देत नसत. "पायाले जप वं," म्हणायच्या. सगळं पाणी माझी धाकटी जाऊ सरू भरायची.

"ताई, माही बी कमर गेली," ती एकदा म्हणाली.

"ये ना मग. पाय देते."

"पाय द्यान तुमी. पण घागर तं मलेच उचला लागते ना."

मला तो तिचा मत्सर वाटला.

त्या साली अंगणात सरकी पसरली होती. तिच्यावरून सासूबाईंचा पाय घसरला आणि त्या खुब्यावर आपटल्या. उठता येईना. आम्ही उचलून ओसरीवर निजवलं.

सरू म्हणाली, "पातूरच्या हाडवैद्य चाचाले बोलवा. आज माणूस धाडला तं उद्या येतीन ते."

"मी घरात असताना हाडवैद्य काहून?" मी म्हणाले. "लोक काय म्हणतीन?"

झालं. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, तीन-तीन लाथा. सासूबाई पदर दातात धरायच्या.

"दुखून राहिलं का, आत्याबाई?"

"नाई. दे तू."

त्यांचा पाय सुजून घागरीएवढा झाला. चौथ्या दिवशी विहीणबाईंना पाहायला अंजनगावहून माझी आई आली. सासूबाईंची मांडी पाहिली आणि मला हाताला धरून चुलीपाशी नेलं.

"बाई, त्या बाईले आता पाय नको देऊ."

"काहून?"

"तू पायाळू नाईस. चांगली डोक्याकडून जलमली तू."

"मग तू तवा सांगितलं ते?"

"अवं, दोन पोरी नाकारून आली होती तुही सासू. कमर धरून बसली होती. मले जे सुचलं ते बोलली मी. मले काय ठाऊक, तू गावभर लाथा मारत फिरशीन?"

आता तरी मी खरं बोलले असते. नाही बोलले. बाहेर येऊन म्हणाले, "माह्या पायात काटा गेला, आता पाय देता येत नाई. चाचाले बोलवा."

चाचा आले. खुबा हलक्या हाताने चाचपला आणि विचारलं, "इतके दिवस काय करून राहिले होते तुमी लोक?"

"लाथा मारून राहिलो होतो, चाचा," सरू म्हणाली.

तिने बोट दाखवलं तसे चाचा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बेटी, लेकराचं हाड कोवळं रोप असते. वाकते, सरळ होते. बाळंतिणीचे सांधे ढिल्ले असते, तिले शेक पाहिजे, आराम पाहिजे. जवान हमाल आखडला तं त्याले रगडा, चालते. पण बुढ्या माणसाचं हाड वाळेल पऱ्हाटी आहे. तिच्यावर पाय देल्ला तं काय होते?"

काय होतं ते मला ठाऊक होतं. कापूस वेचून उरलेली झाडं, ती पऱ्हाटी, चुलीत घालायला आम्ही रोज पायानेच मोडतो.

त्यांनी बांबूच्या पट्ट्या बांधल्या. जाताना म्हणाले, "पहिल्या दिवशीच बोलावलं असतं तं चांगलं झालं असतं. आता पाय दोन बोटं आखूड राहीन."

चार महिन्यांनी सासूबाई काठी घेऊन उठल्या. त्या दिवशी मी त्यांच्यापुढे बसले आणि सांगून टाकलं. "आत्याबाई, मी पायाळू नाई."

"ठाऊक आहे मले," त्या म्हणाल्या. "लगनाच्या दुसऱ्या सालीच तुमच्या गावच्या सुईणीनं सांगितलं."

"मग रोज पालथ्या काहून पडत होत्या तुमी?"

"तेवढा वेळ मले कोणी काम सांगत नोतं. या घरात पडून राहाले दुसरं काय निमित्त होतं मले?"

"अन् खुबा मोडल्यावर?"

"साऱ्या गावात तुले मीच मिरवलं होतं. कोणत्या तोंडानं नाई म्हणू?"

आता पाणी मी भरते. त्या घागरींनी माझीही कमर गेली. सकाळी उठता येत नाही, तेव्हा सासूबाई लंगडत येतात, काठी भिंतीला टेकवतात आणि म्हणतात, "पड पालथी." मग तो आखूड पाय माझ्या कमरेवर येतो. हवा त्याहून जरा जोरातच येतो.

"दुखून राहिलं का वं?"

मी पदर दातात धरते. "नाई, आत्याबाई. द्या तुमी."