वल्ह्याचे तीन सेंटिमीटर

आमचे बाबा, आर्वो लेहतो, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झाले तेव्हा गिरणीने त्यांना घड्याळ दिलं. ते अजून डब्यात आहे. बाबांचा विश्वास फक्त एका वस्तूवर, आजोबांनी सीडरच्या लाकडातून घडवलेल्या वल्ह्यावर. त्याच्या टोकापासून दांड्यापर्यंत तापलेल्या खिळ्याने डागलेल्या सेंटिमीटरच्या खुणा आहेत. पहिली खूण विसाची, कारण त्याहून लहान मासा मोजायला बाबांना लाज वाटते.

दर जुलैत आम्ही सगळे पाहुणतळ्यावरच्या केबिनमध्ये दहा दिवस राहतो. डास आमचं रक्त पितात आणि आम्ही म्हणतो काय मस्त हवा आहे. पण खरी सुट्टी म्हणजे शेवटच्या दिवशीचं बेटावरचं जेवण. सकाळी होड्या काढायच्या, मासे धरायचे आणि दुपारी बेटावर चूल मांडून तळून खायचे. बरोबर फक्त लोखंडी तवा, पीठ, चरबी, बटाटे, कांदे आणि अडीअडचणीला घेवड्याचा एक डबा. सॉसेज न्यायचं नाही. सॉसेज नेलं तर तळ्याला कळतं आणि मासा लागत नाही, असं बाबांचं ठाम मत. काउको मामाने एकदा बुटात लपवून नेलं होतं. ते बाबांनी वासावरून शोधलं आणि समोरच्या कावळ्याला खाऊ घातलं.

आमच्या तळ्यावर नियम एकच. शेहेचाळीस सेंटिमीटरपेक्षा मोठा पिकरेल मासा पाण्यात परत सोडायचा, मोठी मादी अंडी घालते म्हणून. बाबा हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळतात. आणि गेली दोन वर्षं त्यांच्या गळाला लागेल तो मासा सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. तळं कसं भरभराटीला आलंय हे ते शेजाऱ्यांना अभिमानाने सांगायचे आणि आम्ही घेवडा खायचो. याच काळात त्यांनी एकसष्ट सेंटिमीटरचा मासा धरला, सोडला आणि केबिनच्या दारावर कोरला, मामाच्या एकोणसाठच्या बरोबर वर. मामा तेव्हापासून मागच्या दाराने ये-जा करतो.

यंदा निघण्याआधीच आईने निक्षून सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षीही बेटावर घेवडा निघाला, तर पुढचा जुलै शहरातल्या हॉटेलात, जिथे पोहण्याचा तलाव आहे आणि डास नाहीत. बाबांनी कबूल केलं. पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. तळ्याशिवाय जुलै म्हणजे काय, हे त्यांना खरंच माहीत नाही.

शेवटच्या दिवशी बारा वाजता आम्ही बेटावर होतो. माझ्या दोन्ही मुली कच्चा बटाटा कुरतडत होत्या. समोरच्या काठाला एक मूस, घोड्याएवढं हरीण, गुडघाभर पाण्यात उभं राहून लिलीची पानं चघळत होतं. त्या सबंध तळ्यावर वेळेवर जेवलेलं तेवढं एकच. एवढ्यात बाबांच्या गळाला मासा लागला. जाडजूड, सोनेरी. त्यांनी ओल्या हातांनी तो वल्ह्यावर ठेवला, नाक टोकाला लावून. शेपूट सत्तेचाळीसवर.

बाबांचा चेहरा पडला. मासा जाळ्यात घालून त्यांनी पाण्यात धरला, पण सोडवेना. आई लाकडावर बसून बघत होती. हॉटेल तिच्या पदरात पडलंच होतं. तिने नुसतं गप्प राहायचं होतं. पण बाबा मुलींना हळू आवाजात सांगू लागले, की सोडलेला मासा तुमच्या आजोबांना विसरत नाही. तेव्हा आईने पिशवीतून शिवणाची मोजपट्टी काढली.

"आर्वो, इकडे आण तो."

पट्टीने चव्वेचाळीस दाखवलं. बाबा म्हणाले, पट्टी ताणली गेली असणार.

"पट्टी नाही ताणली," आई म्हणाली. "वल्हं कापलंय. मीच कापलंय, दोन वर्षांपूर्वी."

मग तिने सगळं सांगितलं. कचऱ्याच्या पिंपाशी अस्वल आलं होतं. त्याला घाबरवायला तिने हाताशी आलेल्या वल्ह्याने पिंप बडवलं. अस्वलाने तिच्याकडे बघितलं, पायरीवर निवत ठेवलेला ब्लूबेरीचा केक उचलला आणि सावकाश निघून गेलं. वल्ह्याचं टोक मात्र चिरलं. बाबा महिनाभर तोंड पाडून बसतील म्हणून तिने टोक करवतीने कापलं, घासलं, तेल लावलं. वल्हं काय चकाकतंय म्हणून त्या वर्षी बाबांनीच तिचं कौतुक केलं होतं.

"किती कापलंस?"

"तीन सेंटिमीटर."

मामा बोटांवर काहीतरी मोजत होता. मोजून झाल्यावर त्याला एवढा आनंद झाला की तो बसल्या जागेवरून मागे पडला. एकसष्टातून तीन गेले की अठ्ठावन्न. बाबांनाही ते कळलं. पट्टी खरी मानली तर जेवण आहे आणि तळंही आहे, पण दारावरचा विक्रम गेला. वल्हं खरं मानलं तर विक्रम राहतो आणि घेवडा उघडावा लागतो. जाळं हातात धरून ते बराच वेळ मूसकडे बघत राहिले. मला त्यांची फार दया आली, आणि पोटात कावळेही ओरडत होते.

"तवा तापव, हिल्का," शेवटी ते आईला म्हणाले.

एक मासा सहा जणांत वाटला. प्रत्येकाला चार घास आले, पण तसं जेवण मी आयुष्यात जेवले नाही. मामाने आपले दोन घास बाबांच्या ताटलीत टाकले. विजयी माणसाला उदार व्हायला काय जातं.

संध्याकाळी बाबा चाकू घेऊन दाराशी उभे राहिले. एकसष्ट खरवडून त्यांनी अठ्ठावन्न कोरलं, मामाच्या खाली. मामा लगेच पुढच्या दाराने आत आला, मग बाहेर गेला आणि पुन्हा आत आला. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते अजून कोरतच होते. आई डास मारत जवळ गेली आणि वाचून तिथेच थांबली.

सगळ्यात खाली लिहिलं होतं: हिल्का, वल्हं, तीन सेंटिमीटर. सोडलं नाही.

"पुढच्या वर्षी पट्टी मी आणीन," आई म्हणाली. "आणि केक दोन."