लाल जर्सीच्या एक पाऊल अलीकडे

रेफर्ड टीग माझा नवरा. जिल्ह्यातल्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त करतो, रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो, आणि एप्रिल लागला की कॉलेजच्या मैदानाच्या कुंपणापाशी घडीची खुर्ची टाकून बसतो. शेजारची दुसरी खुर्ची माझी. मला फुटबॉलचं काडीचं वेड नाही. त्याला तिथं एकटं बसलेलं बघवत नाही, म्हणून मी उकडलेल्या शेंगांची पिशवी आणि गार चहाचा थर्मास घेऊन सोबत जाते.

वसंतातल्या सरावात समोर परका संघ नसतो. आपलीच पोरं दोन गट करून एकमेकांवर तुटून पडतात. आमचा फुटबॉल खांद्यानं आणि छातीनं खेळायचा, पाय नुसते धावायला. सगळ्यांनी सगळ्यांना पाडायचं, फक्त एकाला सोडून. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक लाल जर्सी घालून उभा असतो आणि लाल जर्सीला धक्का लागता कामा नये. शरदात खऱ्या सामन्यांच्या वेळी अख्ख्या गावाची भिस्त त्याच्या खांद्यावर असते, तो खांदा एप्रिलमध्ये घरच्याच पोरानं मोडला तर काय घ्या. म्हणून त्याच्यावर चालून जाणाऱ्यानं जीव खाऊन धावत यायचं, आणि पोचला की थांबायचं. फार तर दोन्ही तळवे त्याच्या छातीला अलगद टेकवायचे. तेवढ्यानं तो पडला असं धरतात.

रेफर्ड चालून जाणाऱ्यांतला होता. बाप कोंबड्या पाळायचा, शिष्यवृत्ती नव्हती, स्वतःच्या खर्चानं शिकायला आलेला आणि संघात घ्या म्हणून आपणहून दाराशी उभा राहिलेला. असल्या पोरांनी वसंतात पहिल्या फळीला सराव द्यायचा आणि शरदात बाक गरम करायचा. पहिल्याच एप्रिलमध्ये त्यानं गाढवपणा केला. समोरच्या दोघांना चुकवून तो इतक्या झटक्यात आत घुसला की लाल रंग दिसला तेव्हा उशीर झाला होता. क्वार्टरबॅक खांदा धरून जमिनीवर आणि सगळं मैदान चिडीचूप.

कोच बर्ल हॅस्केट पक्के बॅप्टिस्ट, तोंडात शिवी कधी नाही. ते जवळ आले आणि म्हणाले, "पोरा, तुझे पाय तुझं ऐकत नाहीत. आपण त्यांना शिकवू."

आणि शिकवलं. सगळे आंघोळीला गेले की मैदानाच्या टोकाला एका खांबाला लाल जर्सी चढवायची, रेफर्डनं पूर्ण वेगानं तिच्यावर धावून जायचं आणि एक पाऊल अलीकडे थांबायचं. घसरला तर परत, धक्का लागला तर परत. पुढच्या वसंतातही तेच आणि त्याच्या पुढच्याही. मी तेव्हा कॉलेजच्या मेसमध्ये वाढायला होते. हा रोज सगळी भांडी उचलून झाल्यावर यायचा. मी त्याच्यासाठी मक्याचा पाव आणि शलगमची भाजी झाकून ठेवायची. आमचं जमलं ते तिथंच.

"आज तरी सोडलं का लवकर?" मी विचारायची.

"कोच म्हणाले, भिंत आडवी आल्यासारखा थांबतोस," तो तोंडात घास घेऊन सांगायचा. "म्हणाले, असा थांबणारा त्यांनी आजवर पाहिला नाही."

कॉलेजात त्याला मिळालेली ती एकुलती एक शाबासकी. त्याला तिचा केवढा अभिमान होता, आणि मलाही होता.

चौथ्या वर्षीच्या शरदात नदीपलीकडच्या कॉलेजशी सामना होता. त्यांना हरवलं की आमच्याकडे वर्षभर माणसं ताठ मानेनं चालतात. आम्ही थोड्या गुणांनी पुढे होतो, शेवटचं मिनिट उरलं होतं, आणि रेफर्डच्या जागेवर खेळणारे आमचे दोघेही गडी लंगडत बाहेर आलेले. कोचनी बाकाकडे पाहिलं आणि रेफर्डला आत ढकललं. चार वर्षांत पहिल्यांदा. मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होते. त्याच्यापुढचा माणूस घसरला आणि त्याला वाट सरळ मोकळी मिळाली. समोर त्यांचा क्वार्टरबॅक, चेंडू हातात, दुसरीकडे बघत होता. रेफर्ड बाणासारखा गेला. आणि थांबला. एक पाऊल अलीकडे थांबला आणि दोन्ही तळवे त्याच्या छातीला टेकवले.

त्या पोरालाही कळेना काय झालं. त्यानं रेफर्डकडे पाहिलं, आणि मग सावकाश चेंडू फेकला. त्यांच्या गड्यानं तो पलीकडे झेलला आणि आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. जेवताना 'आता पुरे' म्हणणाऱ्या माणसासारखे हात पुढे केलेला माझा रेफर्ड. खाली कोचचं वाक्य होतं, "पळायला शिकवता येतं. काळीज शिकवता येत नाही."

बस, गावाला तेवढं पुरलं. गेली पस्तीस-छत्तीस वर्षं ते वाक्य न्हाव्याच्या दुकानात फोटोशेजारी लटकलं आहे. रेफर्ड बसगाड्यांच्या कामाला लागला तेव्हा तर लोकांना आयतंच सापडलं. "ब्रेक रेफर्डनं बघितलेत ना? मग काळजी नको, गाडी थांबणारच." हासुद्धा त्यांच्याबरोबर हसतो. मी नाही हसत. एकदा मी न्हाव्याच्या तोंडावर सांगितलं की हा घाबरला नव्हता, याला थांबायलाच शिकवलं होतं. तो म्हणाला, "बायको आहेस, तू असंच म्हणणार." ते खरं ठरवायचं तर एकाच माणसानं, कोचनी, बोलायला हवं होतं, आणि तो माणूस बोलला नाही. रेफर्डनं कधी त्याच्याकडे मागितलंही नाही. पण त्याला दुसरं काही नको होतं हे मला माहीत आहे. एप्रिल आला की तो कुंपणापाशी का बसतो, हेही माहीत आहे.

या वर्षी कोचची मुलगी जोलीन त्यांना सरावाला आणायला लागली. वय शहाऐंशी आणि नजर पार गेलेली. ती त्यांना गोल्फच्या छोट्या गाडीतून आणायची, कुंपणापाशी ओकच्या सावलीत गाडी लावायची आणि आपल्या कामाला जायची. गाडी बरोब्बर आमच्या खुर्च्यांच्या शेजारी. पाइनच्या पिवळ्या परागानं त्यांची टोपी माखायची, त्यांना पत्ता नसायचा.

पहिल्याच दिवशी ते हवेत म्हणाले, "कोण आहे तिथं? शेंगांचा वास येतोय."

"आहोत आम्ही दोघं, सर," रेफर्ड म्हणाला.

"मला आवाज येतात, पण कोण काय करतंय कळत नाही. सांगशील का जरा, पोरा?"

मला वाटलं, आवाजावरून ओळखतील. कसले ओळखतात. बाकावरच्या पोरांचा आवाज त्यांनी ऐकलाच कधी होता, 'हो सर'शिवाय? छप्पन वर्षांचा माझा नवरा त्यांचा 'पोरा' झाला आणि रोज त्यांना सराव सांगू लागला. कोण कुठं उभा आहे, कोण दमला आहे, कोण उगाच कमरेवर हात ठेवून भाव खातो आहे. असं बोलताना मी त्याला आमच्या अख्ख्या संसारात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तर कोच येऊन बसले की आधी विचारायचे, "माझे डोळे कुठं आहेत?"

"सांग ना त्यांना, तू कोण ते," मी घरी म्हणायची.

"सांगीन. योग्य वेळ येऊ दे."

"तुझी योग्य वेळ आणि आपल्या छपराची दुरुस्ती, दोन्ही मी ऐकूनच आहे."

मग तो शुक्रवार आला. टॅव्हियन नावाचा एक पोरगा होता, तिसऱ्या फळीतला, बिनशिष्यवृत्तीचा. रेफर्ड त्याच्यावर नजर ठेवून असायचा. त्या दिवशी तो आत घुसला.

"तो टॅव्हियन पुन्हा मोकळा सुटला, सर. सरळ लाल जर्सीवर. आणि थांबला."

"कसा थांबला?"

रेफर्ड खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "भिंत आडवी आल्यासारखा."

कोचनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "त्याला सांग, थांबू नकोस. बाजूनं निघून जा. त्याच्या खांद्याला घासून पुढं पळत जा, पण पाय थांबवू नकोस. एकदा पाय शिकले की ते विसरत नाहीत."

"हो सर."

"मी एका पोराला थांबायला शिकवलं होतं. तीन वसंत. चांगला पोरगा होता, कोंबडीवाल्याचा. खेळाच्या दिवशी तो थांबला, आणि मी पेपरवाल्याला सांगितलं की त्याला काळीज नाही." त्यांचा हात गाडीच्या दांड्यावर घट्ट झाला होता. "काळीज होतं त्याला. पण ते सांगायचं तर शिकवलं कुणी, हेही सांगावं लागलं असतं."

मी रेफर्डकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाव काय होतं त्याचं?" कोच स्वतःशीच म्हणाले. "जिभेवर आहे. छे. नावसुद्धा राहिलं नाही माझ्याजवळ."

मी तोंड उघडलं आणि रेफर्डनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. त्याचे ओठ हलले. मी मनात म्हणत होते, बोल, अरे बोल, समोर वाट मोकळी आहे.

"दुसरा गट मैदानात येतोय, सर," तो म्हणाला.

घरी जाताना मी गाडीत त्याला नको नको ते बोलले. तो शांतपणे चालवत होता.

"का नाही सांगितलंस?"

"आंधळा म्हातारा माणूस, व्हर्लिन. आपणहून तिथवर आला होता. मी काय त्याला आडवं पाडायचं?"

"नाव सांगणं म्हणजे पाडणं?"

"त्यांनी कबूल केलं ना. मी ऐकलं. मला पुरे."

मला पुरेसं नव्हतं. पण त्या रात्री तो निवांत झोपला, तेव्हा मीही गप्प बसले. दुसऱ्या दिवशी वसंतातला शेवटचा, आपसातला सामना होता, मोठी गर्दी, जोलीननं कोचना आणलं नाही. टॅव्हियनला मात्र यानं कुंपणापाशी गाठून निरोप दिला. "तुम्ही कोण, सर?" त्या पोरानं विचारलं. "कुणी नाही. कोचनी सांगायला सांगितलं," हा म्हणाला.

ऑगस्टमध्ये पुन्हा सराव सुरू व्हायच्या आधीच कोच गेले. अंत्यविधीच्या सकाळी पेपरात त्यांच्यावर पानभर मजकूर होता. त्यांचे विजय, त्यांची भक्ती, त्यांची गाजलेली वाक्यं. त्यात पळायचं आणि काळजाचं वाक्य चौकटीत होतं, आणि वर तोच जुना फोटो. रेफर्डनं पेपर वाचला, घडी केली आणि टाय बांधायला उठला.

चर्चच्या मागच्या दालनात तळलेली कोंबडी आणि सँडविचं मांडली होती. जुने खेळाडू रांगेनं जोलीनला भेटत होते. आमची पाळी आली तशी तिनं रेफर्डचे दोन्ही हात धरले.

"तुमचंच नाव घ्यायचे हो बाबा. म्हणजे नाव माहीत नव्हतं त्यांना, 'माझे डोळे' म्हणायचे. सराव संपल्यावर कधीतरी मेमध्ये मला विचारलं, तो माणूस कोण गं. मी म्हटलं, टीग ना, बस दुरुस्त करतो तो, रेफर्ड टीग. जेवत होते, हातातला काटा खाली ठेवला. म्हणाले, उद्या मला त्याच्याकडे घेऊन चल." तिनं डोळे पुसले. "मला वाटलं सरावाला जायचंय. मी म्हटलं, बाबा, सराव संपला, आता ऑगस्टमध्ये. दोन-तीनदा म्हणाले. मग तो विषय काढला नाही."

रेफर्डनं तिचे हात थोपटले आणि रांग पुढे सरकली.

गाडीत तो किल्ली लावून तसाच बसून राहिला. मला त्याच्यावर चिडायचं होतं, एप्रिलपासूनचं साठवून ठेवलेलं होतं, पण त्याच्याकडे पाहिलं आणि सगळं विरघळलं. तो रडत होता. त्या सामन्यानंतरही तो रडला नव्हता.

"संध्याकाळी फिरायला म्हणून आपण त्यांच्या घरावरून जायचो," तो म्हणाला. "मेमध्ये. रोज. ओट्यावर बसलेले असायचे ते."

"हो."

"मी फाटकापर्यंत गेलो होतो एकदा, व्हर्लिन. तुला सांगितलं नाही. फाटकाला हात लावला आणि परत आलो."